ऋण काढून सण

ऋण काढून सण करू नये, ही शिकवण आपल्या घरांतून इतक्या पिढ्या चालत आली आहे, की ती प्रथम कोणी सांगितली हे विचारण्याचे कुणाच्या मनातही येत नाही. दिवाळीच्या तोंडावर तर ती हमखास आठवते. मुलांना फटाके हवे असतात, घराला रंग हवा असतो, आणि कर्ता पुरुष खिसा चाचपून म्हणतो, ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत.’ लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी नव्या वहीला हळदकुंकू वाहतो. त्या पूजेतही धनापेक्षा हिशेबाचा मान मोठा असतो. देणे किती, येणे किती, हे ज्याला स्वच्छ ठाऊक आहे त्याच्याच घरी लक्ष्मी टिकते, असा आपला जुना विश्वास आहे.

आणि तरीही ह्याच महाराष्ट्रात एक असा उद्योग जन्मला, की ज्याचा पहिला सणच ऋण काढून साजरा झाला. तो उद्योग चित्रपटाचा. आजही कोणत्याही मोठ्या कंपनीच्या आश्रयावाचून, आपल्या मनातली गोष्ट आपल्या हिमतीवर पडद्यावर आणू पाहणारा जो स्वतंत्र निर्माता आहे, त्याची पहिली पायरी कॅमेऱ्याची नसते. कुणाच्या तरी दाराची असते. त्या दारात उभे राहून त्याला काहीतरी मागायचे असते. आपल्या स्वप्नासाठी दुसऱ्याचे धन, दुसऱ्याचे श्रम, दुसऱ्याची रात्रीची झोप मागण्याचा अधिकार माणसाला आहे काय? असला तर तो कोणत्या अटींवर? प्रश्न चित्रपटाचा दिसतो, पण तो प्रत्येक घरातला आहे.

तो मुंबई-कोल्हापूरच्या माणसांनाच पडतो असेही समजू नये. जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यात पूर्णेच्या काठी केदारखेडा नावाचे गाव आहे. कापूस, मका, सोयाबीन ही तिकडची पिके. समजा, तिथल्या एखाद्या तरुणाच्या मनात आपल्या गावाची गोष्ट पडद्यावर आणायचे आले. पूर्वी हा विचार वेड्यातच जमा झाला असता. आज हातातल्या फोनमध्येच कॅमेरा आहे, तेव्हा तो तितकासा वेडाही वाटत नाही. पण काम करणाऱ्या माणसांना दोन वेळा जेवू घालावे लागते, त्यांना आणावे-न्यावे लागते, आवाज नीट नोंदवावा लागतो, आणि सारे झाल्यावर चित्रपटगृहाचे दार उघडावे लागते. ह्यातले काहीच फोनमध्ये येत नाही. शेवटी तो मुलगा एका रात्री वडिलांपुढे बसतो आणि म्हणतो, ‘आप्पा, एक एकर विकूया.’

आप्पांनी काय उत्तर द्यावे?

आप्पांना जोखीम नवी नाही, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. दर वर्षी मृगाच्या आधी तेही एक चित्रपटच काढतात म्हणा ना! बियाणे, खत, मजुरी ह्यांसाठी पैसा उभा करायचा, तो सगळा काळ्या मातीत टाकायचा, आणि मग आभाळाकडे बघत बसायचे. पाऊस ही काही विकत घेण्याची वस्तू नाही, प्रेक्षकही नाही. पेरणी फसली म्हणून शेतकऱ्याला कोणी पापी म्हणत नाही. मग पडद्यावरची पेरणी फसली तर ते पाप कसे? उलट, ती साधली तर ते पुण्य कसे? ह्या दोन प्रश्नांची उत्तरे एकत्रच शोधली पाहिजेत, आणि त्यासाठी थेट पहिल्या चित्रपटाकडेच जावे लागेल.

दादासाहेब फाळके हे त्र्यंबकेश्वरचे. वयाच्या चाळिशीत त्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट पाहिला आणि आपल्या देवादिकांना असेच पडद्यावर आणायचे, ह्या एका ध्यासाने त्यांना घेरले. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून ते १९१२ साली लंडनला गेले, यंत्रे घेऊन आले. मग पैसा संपला, आणि सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. त्यातून उभा राहिलेला ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात लोकांपुढे आला. हे सारे आपण शाळेत वाचले आहे, आणि वाचताना आपली मान अभिमानाने ताठ झाली आहे.

पण तो चित्रपट कशाबद्दल होता, ह्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. हरिश्चंद्राची कथा ही ऋणाची कथा आहे. विश्वामित्राला कबूल केलेली दक्षिणा फेडता येईना, म्हणून राजाने बायको विकली, मुलगा विकला, शेवटी स्वतःला विकले. आपल्या वचनासाठी घरच्यांना पणाला लावणाऱ्या पुरुषाची ही गोष्ट. आणि ती पडद्यावर आणणाऱ्या माणसाने त्यासाठी पत्नीचे सोने गहाण टाकले होते, आणि रोहिदास म्हणून आपल्याच मुलाला, भालचंद्राला, उभे केले होते! पुराणातल्या तारामतीला कोणी विचारले नव्हते. दादरच्या घरातल्या तारामतीला विचारले होते की नाही, ह्यावर सगळा न्याय अवलंबून आहे.

आपले जुने धर्मशास्त्र ह्या बाबतीत आपण समजतो त्यापेक्षा कडक होते. स्त्रीधन नवऱ्याने वापरले तर ते परत करावे, असा साधारण दंडक. याज्ञवल्क्यस्मृतीने त्याला अपवाद सांगितले ते दुष्काळ, धर्मकार्य, आजार आणि बंदिवास एवढेच. ह्या यादीत चित्रपट बसत नाही. ‘देवांचे चित्रपट म्हणजे धर्मकार्यच’ असे कोणी चतुर माणूस म्हणेल, पण अशा चतुराईने वही शुद्ध होत नाही.

वही शुद्ध झाली ती दुसऱ्या कारणाने. सरस्वतीबाई नुसते दागिने काढून देऊन बाजूला बसल्या नाहीत. त्या काळी कोरी फिल्म छिद्रे न पाडलेली येई. रात्र रात्र बसून त्यांनी तिच्या कडांना छिद्रे पाडली. रसायने कालवली. चित्रीकरणाच्या वेळी पांढरी चादर धरून उन्हाचा उजेड नटांच्या तोंडावर पाडला. आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला तो वेगळाच. चित्रपट कसा तयार होतो, कुठे बिघडतो, किती खातो, हे नवऱ्याच्या खालोखाल कोणाला ठाऊक असेल तर त्यांना. त्यांचे सोने अंधारात गेले नव्हते. जिथे गेले तिथे त्या स्वतः दिवा घेऊन उभ्या होत्या. म्हणून ते ऋण भागीदारीच्या पदवीला पोहोचले.

इथे मुद्द्याची गोष्ट येते. ‘राजा हरिश्चंद्र’ चालला म्हणून आपण दागिन्यांची गोष्ट कौतुकाने सांगतो. तो पडला असता तर? मग तीच गोष्ट ‘बायकोचे सोने उधळणारा माणूस’ म्हणून सांगितली गेली असती. किंबहुना कोणी सांगितलीच नसती. पण कृत्य तर दोन्ही वेळा तेच. ज्या दिवशी दागिने पेढीवर गेले, त्या दिवशी पुढचा मे महिना कुणालाच दिसत नव्हता. मग त्या कृत्याचा न्याय पुढच्या तिकीटविक्रीवर कसा सोडता येईल? कर्ज घेण्याची बरी-वाईट पारख कर्ज घेण्याच्या दिवशीच करावी लागते. यश ही नशिबाची बाब. ते आले म्हणून घेण्याची रीत शुद्ध ठरत नाही, आणि गेले म्हणून अशुद्ध ठरत नाही. पेरणी योग्य वेळी, योग्य बियाण्याने, घरच्यांच्या विचाराने केली होती की नाही, एवढेच शेतकऱ्याला विचारता येते. पाऊस का पडला नाही, हे त्याला विचारणे अन्याय आहे.

तेव्हा प्रश्न उरतो रीतीचा. ह्या बाबतीत शंभर वर्षांच्या अनुभवाने काही धडे घालून दिले आहेत.

पहिला धडा फाळक्यांचाच, आणि तो फार सुंदर आहे. पैसे मागण्याआधी त्यांनी एक छोटा चित्रपट करून दाखवला. कुंडीत वाटाणा पेरला, आणि तो रुजून वर येईपर्यंत रोज थोडेथोडे चित्रीकरण करीत गेले. महिन्याभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसली. ‘अंकुराची वाढ’ हे त्याचे नाव. ती पाहून भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला. जालना हे तर बियाण्यांच्या कंपन्यांसाठी देशभर माहीत असलेले शहर. त्या जिल्ह्यातल्या माणसाला ह्याचा अर्थ समजावून सांगायला नको. पोतेभर बी विकत घेण्याआधी शेतकरी मूठभर दाणे ओल्या फडक्यात बांधून उगवण पाहतो. केदारखेड्याच्या मुलानेही एकर मागण्याआधी आप्पांना दहा मिनिटांचा अंकुर दाखवावा. त्याला उगवणच नसेल तर एक एकर वाचेल, आणि असेल तर आप्पांना मुलाच्या शब्दावर नव्हे, स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवता येईल.

दुसरा धडा असा, की ऋण कोणाचे घेतले ह्यावर कलाकृतीचे स्वातंत्र्य ठरते. ‘मी स्वतंत्र आहे’ असे म्हणणारा निर्माता ऋणातून सुटलेला नसतो. कुणाचे ऋण घ्यायचे हे त्याने स्वतः ठरवलेले असते, इतकेच. मराठी माणसाला सावकाराची भीती उगीच वाटत नाही. बाबूराव पेंटरांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढला तो ह्याच विषयावर. त्यात जमीन गमावून शहराकडे जाणाऱ्या शेतकऱ्याचे काम तरुण शांतारामांनी केले होते. ‘श्यामची आई’ हीही, नीट पाहिले तर, कर्जात बुडालेल्या घराची कहाणी. आचार्य अत्र्यांनी तिचा चित्रपट केला आणि १९५४ साली राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मान त्याला मिळाला. ‘राजा हरिश्चंद्र’, ‘सावकारी पाश’, ‘श्यामची आई’! आपल्या चित्रपटाच्या इतिहासातले तीन मैलाचे दगड, आणि तिन्ही ऋणावर उभे. हा नुसता योगायोग वाटत नाही. पण ज्या बाबूरावांनी सावकाराचा पाश दाखवला, त्यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी कोल्हापुरात उभी राहिली तीही तानीबाई कागलकर ह्या गायिकेने दिलेल्या पैशावर. पैसा देणारे सगळेच सावकार नसतात. सावकार कागदावर अंगठा घेतो आणि आपण बुडण्याची वाट पाहतो. विश्वासाने देणारा आपण तरावे म्हणून वाट पाहतो. दोघांचीही रक्कम वहीत सारखीच दिसते, पण रात्री झोप लागते की नाही हे त्या फरकावर ठरते.

तिसरा धडा मोजमापाचा. गुजरातच्या दूध सहकारी संस्थांतल्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन १९७६ साली ‘मंथन’ काढला. दिग्दर्शक श्याम बेनेगल, पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची, आणि पडद्यावर आपली स्मिता पाटील. दहा लाखांचे हे भांडवल एका माणसाचे असते तर चित्रपट पडल्यावर ते घर बसले असते. दोन रुपये बुडाले तर कुणाची चूल विझत नाही. आणि दोन रुपये दिले की चित्रपट मात्र आपला होतो. ते शेतकरी पुढे ट्रकमध्ये बसून आपला चित्रपट बघायला गेले. दुसऱ्याचे घ्यायचे ते त्याला गमावणे सोसेल इतकेच घ्यावे, हा साधा नियम ह्यातून निघतो. अरुण नलावडे आणि त्यांच्या मित्रांनी निर्मिलेल्या, संदीप सावंत दिग्दर्शित ‘श्वास’चेही तसेच. २००४ साली त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ऑस्करसाठी भारतातर्फे त्याची निवड झाली, आणि अमेरिकेत तो दाखवण्याचा खर्च झेपेना, तेव्हा शाळकरी मुलांनीदेखील आपापला खारीचा वाटा उचलला. नातवाचा जीव वाचवण्यासाठी त्याची दृष्टी जाऊ देणाऱ्या आजोबांची ती गोष्ट. ऑस्कर मिळाले नाही. पण ज्यांनी दहा-वीस रुपये दिले होते त्यांतल्या कुणी फसवल्याची तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. हरण्याचा हक्क त्यांनीही आधीच मान्य केला होता.

चौथा धडा मात्र असा आहे, की त्याबद्दल आपण फारसे बोलत नाही. पैशाचे ऋण निदान कागदावर राहते. श्रमाचे ऋण राहत नाही. स्वतंत्र चित्रपटाच्या जगात ‘हा आपल्या सगळ्यांचाच चित्रपट आहे’ हे वाक्य फार गोड वाटते. पण ते पुष्कळदा मजुरी द्यायची वेळ आली की उच्चारले जाते. दिवे उचलणारा पोरगा, ज्याच्या बैलगाडीत कॅमेरा ठेवला तो गाडीवान, ज्या माउलीने चाळीस माणसांच्या भाकऱ्या थापल्या ती, ह्यांना प्रेमाच्या दोन शब्दांवर वाटेला लावायचे, आणि यश आले की व्यासपीठावर आपण एकट्याने हार घालून घ्यायचा! चित्रपट सगळ्यांचा असेल तर नफ्यातही तो सगळ्यांचा असला पाहिजे. नफ्यात नसेल तर मजुरी रोख दिली पाहिजे. तिसरा प्रामाणिक मार्ग नाही. सावकाराविरुद्ध चित्रपट काढणाऱ्याने आपल्याच माणसांचा घाम विनाव्याजी वापरावा, ह्याहून मोठा विनोद कोणता?

आणि निदान नाव तरी लिहावे. केदारखेड्याच्या तालुक्याचे गाव भोकरदन हे प्राचीन भोगवर्धन. दोन हजार वर्षांपूर्वीही ते नांदते नगर होते. पार मध्य भारतात, भारहुत आणि सांचीच्या स्तूपांवर दगडात कोरलेले लहान लहान लेख आहेत; अमक्या गावच्या अमक्याचे हे दान, एवढाच त्यांचा मजकूर. त्यांत भोगवर्धनच्या दात्यांचे लेख आहेत. कुणी एक शिळा दिली, कुणी कठड्याची एक आडवी पट्टी दिली असेल. स्तूप एका धनिकाच्या नावाने उभा राहिला नाही. ज्याने जे दिले ते त्याच्या नावे कोरले गेले. आज चित्रपट संपला की पडद्यावर नावे वर सरकू लागतात, आणि आपण खुर्चीतून उठून चपला शोधू लागतो. ती नावे म्हणजे ह्या नव्या स्तूपाचा कठडाच आहे. भोगवर्धनच्या मातीतल्या मुलाने चित्रपट काढला तर त्याने भाकरी थापणारीचे नाव त्यात कोरल्यावाचून राहू नये. ही त्याच्या गावाकडची फार जुनी रीत आहे.

आणखी एक ऋण असते, ते काळाचे. चैतन्य ताम्हाणे ‘कोर्ट’ची पटकथा लिहीत असताना विवेक गोंबर ह्यांनी त्यांना दरमहा ठरावीक रक्कम दिली, पुढे चित्रपटाची निर्मिती केली, आणि त्यात एका वकिलाची भूमिकाही केली. एका शाहिरावरच्या खटल्याचा हा शांत, सावकाश चित्रपट २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. पुढे त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. लिहिणाऱ्याला घाई न करता लिहू देणे, ही सोन्याच्या दागिन्याइतकीच मोलाची मदत आहे. आपल्या घरांतूनही ती करता येते. जमीन विकण्याचे धाडस ज्याला झेपत नाही, असा बापही ‘वर्षभर तुझ्या पोटाची चिंता करू नकोस’ एवढे म्हणू शकतो.

ह्यावर कोणी विचारील, की इतके हिशेब मांडत बसले असते तर फाळके लंडनला पोहोचले असते काय? वेड्याशिवाय इतिहास घडत नाही. खरे आहे. पण वेड स्वतःच्या जिवावर करावे. दुसऱ्याच्या जिवावर करायचे तर त्याला आधी सगळे सांगून करावे. घरातल्या माणसापासून लपवून घेतलेले कर्ज, मग ते कितीही थोर कामासाठी असो, त्या कामात कुठेतरी कीड सोडून जाते. आणि हिशेबाने वेड मरत नाही, हे सरस्वतीबाईंनीच दाखवले. चूल, चादर आणि फिल्मची छिद्रे सांभाळणाऱ्या त्या बाईइतका व्यवहारी माणूस त्या घरात दुसरा नव्हता. आणि दागिने देणारीही तीच होती.

हिशेबाची वही निर्मात्याची तपासली, तशी ती आपली, प्रेक्षकांचीही तपासावी. फाळके १९४४ साली नाशिकला वारले. अखेरच्या वर्षांत ज्या उद्योगाचे ते जनक त्याने त्यांना जवळजवळ विसरून टाकले होते. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला १९६९ साली. पंचवीस वर्षे उशिरा. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण अशी तीन ऋणे आपण मानतो. ज्याने आपल्याला आपलीच गोष्ट दाखवली त्याचे ऋण ह्यांतल्या दुसऱ्याजवळ कुठेतरी बसावे. ते फेडायला सुवर्णपदक लागत नाही. आपल्या भाषेतला एखादा धडपडणारा चित्रपट गावाजवळ लागला असता घरच्या मंडळींना घेऊन तिकीट काढून तो पाहणे, आणि शेवटची नावे सरेपर्यंत खुर्चीत बसून राहणे, एवढे पुरते. चित्रपट आवडला नाही तर तसे मोकळेपणाने म्हणावे. पाहिलाच नाही, तर मात्र बोलण्याचा हक्क राहत नाही.

आता आप्पांचे उत्तर. त्यांनी लगेच हो म्हणू नये, आणि नाहीही म्हणू नये. मुलाला म्हणावे, ‘आधी अंकुर दाखव. मग तुझ्या आईला बोलाव, तिच्यासमोर सगळा खर्च मांड. बुडाले तर काय करायचे हेही मांड. कोणाकोणाचे हात लागणार आहेत त्यांची यादी कर, आणि प्रत्येकापुढे रक्कम लिही.’ इतके करून मुलगा त्या वहीसमोर ताठ बसू शकला, आणि आईने मान हलवली, तर मग एक एकर विकायचे की अर्धा, की नुसते वर्षभर जेवू घालायचे, हे त्या घराने ठरवावे. चित्रपट चालेल की नाही, हे त्या रात्री कोणालाच कळणार नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिघेही एकमेकांच्या डोळ्यांत पाहून चहा घेऊ शकतील. ऋण काढून सण करायचाच असेल, तर तो अशा घरातच करावा.